अण्णा आणि एकोणीस बंद मशीन

अण्णांना आयतं काही चालायचं नाही. केडगावच्या आमच्या कॉलेजात ते कंत्राटावर कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. मशीन चालवणारी लिनक्स प्रणालीसुद्धा ते तयार घेत नसत. इंटरनेटवरून मूळ कोड उतरवायचा आणि प्रत्येक मशीनवर, त्याच्या प्रोसेसरच्या मापाने, त्यातून एकेक प्रोग्राम बांधत बसायचं. एका ब्राउझरला अख्खा दिवस!

माझा जीव नुसता वरखाली. "अहो अण्णा, पेन ड्राइव्हवरून तयार लिनक्स टाका की! वीस मिनिटांचं काम. तुमचं दळण काही सरत नाही बाई!"

"पिशवीतल्या पिठाची बी भाकर व्हते, ताई. पर त्यात काय दळलंय, कुनाला ठावं?"

चिडायचे मात्र कधी नाहीत. पोरांना शेजारी बसवून कोड वाचून दाखवायचे. त्यांच्या पोरांना मशीन आतून कळायचं, हे मान्य करायलाच हवं.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली. नव्या मशीनवर सगळं बांधून झालं होतं, जुनी एकोणीस राहिली होती. तेवढ्यात चुलतभाऊ वारला म्हणून अण्णांना शेवगावला जावं लागलं. जाताना बजावून गेले, "हे नव्याच्या मापाचं हाय. जुन्यांवर टाकू नका. मी सकाळी येऊन बघतो."

पण मी पडले उतावळी. संध्याकाळपर्यंत तेच एकोणिसांवर कॉपी केलं, सुरू करून पाहिलंही नाही, आणि ऐटीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या सकाळी, एकही जुनं मशीन सुरू होईना. नव्या प्रोसेसरची भाषा जुन्यांना कुठून कळणार? पोरं व्हरांड्यात ताटकळलेली. अण्णा आले, एक पडदा पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. मग त्यांनीच, स्वतःच्या हाताने, पेन ड्राइव्हवरून तयार लिनक्स एकेका मशीनवर टाकलं. परीक्षा तीन तास उशिरा सुरू झाली.

प्राचार्य कडाडले, "कोणाचा हा उद्योग?"

"माझंच चुकलं, सर," अण्णा म्हणाले. मी फरशीकडे बघत राहिले. लाज वाटते, पण बघत राहिले.

अण्णांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी ते कपाट आवरत होते, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, खरं का नाही सांगितलंत?"

"ते तुमी सांगायचं हुतं, ताई. मी कसं सांगनार?"

प्राचार्यांची खोली चार पावलांवर होती. मी गेले नाही. पुढच्या महिन्यात अण्णांची जागा मला मिळाली, आणि मी ती घेतली.