गल्लीभराचा एकच पासवर्ड

आमच्या बदनापूरच्या घरातला कॉम्प्युटर नावाला माझा. वापर सगळ्या गल्लीचा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ऑनलाइन फॉर्म भरायचा म्हटलं की लोक कागद घेऊन माझ्याच ओट्यावर. आधार, पासबुक, जातीचे दाखले, सगळं स्कॅन करून मी त्यात ठेवलं होतं. कोणी विसरू नये म्हणून साऱ्यांच्या खात्यांना पासवर्डही एकच दिला होता. या हुशारीचं मला केवढं कौतुक.

मग जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडेनात, म्हणून मी फॉन्ट बदलून देणारा एक फुकटातला प्रोग्राम उतरवून घेतला. अँटिव्हायरस आडवा आला. मी त्यालाच बंद केलं. मध्ये बोलणाऱ्याला वर्गातही मी अशीच गप्प करते.

दोन दिवसांत जुगाराच्या जाहिराती आपोआप उघडायला लागल्या, आणि माझ्या ईमेलवरून मुख्याध्यापकांना कसलीशी लिंक गेली. मी घाबरले. रविवारी त्याच कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांचे पासवर्ड बदलले. सगळ्यांना पुन्हा एकच, फक्त नवा.

सोमवारी मशीन उचलून जालन्याला नेलं. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, व्हायरस असलेल्या मशीनवरच बदलले? तुम्ही टाइप करत होत्या, तवा तो वाचून राह्यला होता. नवेबी गेले समजा."

सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायचं ठरलं. "मशीन बराबर होईल. पण बाहेर गेलेलं वापस येत न्हाई. आता फोनवरून बदला, प्रत्येकाचा वेगळा. अन् ज्यांचे कागद होते त्यांना जल्दी सांगा. बँकेत कळवू द्या त्यांना."

पासवर्ड मी त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवरून बदलले. सांगायला मात्र तोंड उघडेना. चार दिवस मागच्या दाराने ये-जा केली. सांगावं तर इतक्या वर्षांची पत जाते. न सांगावं तर उद्या कोणाचं खातं साफ झालं की ते माझ्याच माथी. समोरून कोणी हसून "बाई, बरं हाय ना?" विचारलं तरी मी घाई आहे सांगून सटकायचे. माझ्याच गल्लीत मी कोंडली गेले होते, आणि राग काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

पाचव्या दिवशी शेजारच्या मावशींकडे गेले. एकट्या आहेत, निराधार योजनेची पेन्शन येते त्यावर त्यांचं घर चालतं. मी काही न लपवता सांगितलं. त्यांनी चार शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

"पैसे गेले का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. पण जाऊ शकतात. आज बँकेत जाऊ." मी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. "हा तुमचा एकटीचा पासवर्ड. कोणालाच दाखवू नका. मलासुद्धा."

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली आणि माझ्यापुढे धरली. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या बाई. मला कुठं वाचता येतंय."

एकवीस वर्षं आमच्या दोन घरांची भिंत एक आहे. पहिलीच्या वर्गाला मी दरवर्षी अक्षरं शिकवते, आणि मावशींचा अंगठा धरून फॉर्मवर टेकवणारी मीच. चिठ्ठी परत घ्यायला माझा हात पुढे होईना.