मी दिलेलं नाव

आमच्या गावात केबलचोरी झाली, तेव्हा मी एका निर्दोष माणसाचं नाव पोलिसांना दिलं. मी गावचा पोलीस पाटील. नरडाण्याजवळच आमचं गाव. त्या आठवड्यात तीन विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेल्या होत्या. ठाण्यातून फोन आला, "कोणावर संशय?" भिलाटीतले, म्हणजे गावाकडेच्या भिल्ल वस्तीतले, एक आबा शेजारच्या मळ्यात राखणदार होते. मी त्यांचं नाव सांगून टाकलं. ते भिलाटीतले होते, याखेरीज माझ्याकडे कसलंही कारण नव्हतं.

आबांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. काही निघालं नाही, सोडून दिलं. पण मळेवाल्याने त्यांची राखणदारी काढून घेतली. नाव कोणी दिलं ते गावाला कळलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही.

चोऱ्या चालूच राहिल्या. मग आमच्या भागाला नव्या हवालदार बाई आल्या. मी पुन्हा भिलाटीकडे बोट दाखवलं, तशा म्हणाल्या, "पाटील, तुम्हाला एकच पत्ता पाठ आहे का?"

बाईंनी धुळ्याच्या एका भंगार व्यापाऱ्याला ग्रामपंचायतीत बोलावून शेतकऱ्यांसमोर बसवलं.

"चाचा, आमचं तांबं तुमच्याच काट्यावर जातं," कोणीतरी टोमणा मारला.

"जातही असेल, भाऊ. जाळलेल्या तारेवर शेताचं नाव थोडंच असतं?" चाचा म्हणाले. पण यापुढे जळकं तांबं आलं, की आणणाऱ्याचं आधार कार्ड बघायचं आणि बाईंना कळवायचं, असा शब्द त्यांनी स्वतःहून दिला. बाकीच्या भंगारवाल्यांनाही त्यांनीच तयार केलं.

मग ग्रामसुरक्षा दल ठरलं. बाईंनी पहिलं नाव आबांचं घेतलं. कुरकुर सुरू झाली.

"रानाची खडान् खडा माहिती कोणाला आहे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर दिवसभर पारावर असता."

लोक हसले. आबा यायला तयार होऊन उठले आणि अहिराणीत म्हणाले, "मी येसू. पन आते माले ठानामा बठाडू नका."

ज्या खाकी वर्दीने आपल्याला अपमानित केलं, तिच्याच मदतीला हा माणूस उभा राहिला. माझ्याने ते झालं नसतं.

महिनाभरात, एका दुपारी, आबांना नाल्यात काळा धूर दिसला. त्यांनी बाईंना फोन लावला. केबल जाळून तांबं काढणारे दोघे सापडले. दोघेही गावातलेच, त्यातला एक माझ्या भावकीतला.

ग्रामसभेत आबांचा सत्कार ठेवला. तरी मळेवाला माझ्या कानाशी पुटपुटलाच, "चोर सापडले ते ठीक. पण काही असल्याशिवाय पोलिसांनी याला नेलं असेल का?" माझ्या गप्प बसण्यामुळे आबांना राखणदारी अजून परत मिळाली नव्हती.

सरपंचांनी शाल माझ्या हातात दिली. ती मला आबांच्या खांद्यावर टाकवेना. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी बोललो, "आबा, पोलीसले तुम्हनं नाव मीच दिन्हं व्हतं. पुरावा काहीच नव्हता. चूक मन्ही शे. माले माफ करा."