घाटमाथ्यावरचा प्लग

विंझरला रस्त्याकडेला धनाजी मिस्त्रीचं गॅरेज आहे. हात चांगला, तोंड फटकळ. गिऱ्हाइकाने फार शहाणपणा केला तर पाना त्याच्याच हातात द्यायचा. दिवाळीनंतर त्याची बायको मंगल गेली आणि तो फटकळपणाही गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने शटर उघडलं, डोळ्यांत टिपूस नाही. गावाने नावं ठेवली. गावाचं काय, रडलं तरी ठेवतं आणि नाही रडलं तरी ठेवतं. खरं सांगायचं तर धनाजीला काहीच वाटत नव्हतं. पुढ्यात आलेलं गिळायचा, खारट की अळणी तेही कळायचं नाही.

अशात पुण्याच्या इंद्रजितने वडिलांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. सपाटीवर छान पळायची, चढ लागला की खोकायची. धनाजीने इंजिनाचे स्पार्क प्लग काढले, तर ते तव्याच्या बुडासारखे काळे.

"लई थंड जातीचे हायेत हे. काजळी जाळत न्हाईत. जरा गरम घालू."

इंद्रजितला धास्ती होती ती त्याचीच. प्लग फार गरम निघाला तर पिस्टनला भोक पडतं, आणि या गाडीचा पिस्टन आता शोधूनही मिळत नाही.

"वडिलांची एवढीच वस्तू राहिलीये, मिस्त्री. चुकू नका."

"बरं," धनाजी म्हणाला. एरवी त्याने यावर दोन टोले हाणले असते.

नवे प्लग घालून दोघं पाबे घाटात निघाले. धनाजीची रीत ठरलेली होती: गाडीला चढावर पुरता दम काढायला लावायचा, माथ्यावर इंजिन एकदम बंद करायचं आणि प्लग काढून टोकाचा रंग बघायचा. भाजक्या शेंगदाण्याचा रंग आला तर प्लग बरोबर. राखेचा आला तर इंजिन जळायच्या वाटेवर.

माथ्यावर गाडी थांबली. धनाजीने पान्याने प्लग सैल केला, बोटांनी फिरवून काढला आणि न बघताच हात बाजूला लांब केला.

"बघ गं, कसा हाय?"

बाजूला इंद्रजित होता. त्याने प्लग घेतला आणि ओरडून खाली टाकला. "केवढा तापलाय! तुम्ही धरलात कसा?"

धनाजीने वळून बघितलं. तपकिरी आणि राखाडी हे रंग त्याला जन्मापासून सारखेच दिसायचे. लग्नापासून प्रत्येक प्लगचा रंग मंगलनेच सांगितला होता. घाटात गाडी न्यायची म्हटलं की ती पदर खोचून मागच्या सीटवर बसायची. मिस्त्री बायकोला फिरवतोय म्हणून लोक हसायचे, आणि धनाजी हसू द्यायचा. खरं कळलं असतं तर गॅरेजची पायरी कोण चढलं असतं? आज ती सोबत नाही, हे निघताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

'झकास हाय' म्हणून टाकणं सोपं होतं. तो म्हणाला, "साहेब, रंग तुमीच सांगा. मला त्यातलं दिसत न्हाई."

इंद्रजितने वाकून बघितलं. "करडा. राखेसारखा."

"मग चुकलं माजं. जोर न देता खाली उतरवू. एक पायरी थंड घालावा लागंल."

इंद्रजित रागवायचंच विसरला. "मग इतकी वर्षं रंग कोण सांगत होतं?"

"आमची मंडळी."

"मग खाली गेल्यावर त्यांनाच दाखवू या की!"

"न्हाई ती," धनाजी म्हणाला. "मेली."

हा शब्द त्याने आजवर कुणापुढेच काढला नव्हता. लोकच म्हणायचे, तो मान हलवायचा. आता तो स्वतःच्या कानांनी ऐकला आणि त्याला एकदम बोटांची आग जाणवली. टोकांना फोड आले होते. इंद्रजितने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याला दिसलीच नाही.

"भाजलं की गं मला," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट बघत तसाच हात पुढे धरून उभा राहिला.