उतरवलेले झेंडे

केळसकर सरांची आणि माझी पहिली भेट न्यूझीलंडमधल्या लोअर हट या गावी, औषधांच्या दुकानात झाली. मी तिथे फार्मसिस्ट होते. माझ्या नावाची पट्टी वाचून सरांनी विचारलं, "पुण्याच्या कोणत्या पेठेतल्या?"

"पेठेतली नाही, कॅम्पातली. कॉन्व्हेंटची."

"अरेरे! मग शनिवारी घरी या. मराठी सुधारू, चहाही मिळेल."

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आज मी मराठीत लिहू शकते, हे त्या चहाचं देणं.

इस्तंबूलपासून चीनच्या पश्चिम टोकापर्यंत तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्या साऱ्या लोकांनी एक व्हावं, या विचाराचा सरांनी जन्मभर अभ्यास केला. अभ्यासकाने विषयाच्या प्रेमात पडू नये, असं ते म्हणत; स्वतः मात्र पडले होते. माझे पती गेले, तेव्हा सर रोज दुपारी येत. सांत्वनाचा शब्द न काढता समरकंदच्या खरबुजांविषयी सांगत बसत. ऐकता ऐकता माझे दोन घास पोटात जात.

पुण्यात माझ्या शाळेतल्या पारशी मैत्रिणी नवरोजला शेवया आणि गोड दही आणत. वसंताचा तो सण इथे पानगळीत येतो. सर दरवर्षी त्या दिवशी हॉल घेत आणि हाच सण पाळणारी तुर्की, उझबेक, कझाक कुटुंबं आपापलं पातेलं घेऊन येत. एका वर्षी सरांनी हौसेने त्यांच्या देशांचे झेंडे भिंतीवर ओळीने लावले. बेकरीत काम करणारे तुर्सुनभाई त्या ओळीकडे बघत राहिले. ते चीनमधले उइगुर. त्यांच्या लोकांचा स्वतःचा देश नाही.

कबाबचं दुकान चालवणारे तुर्कस्तानचे केमालभाई हसून म्हणाले, "आमच्या झेंड्याखाली ये रे! आपण भाऊ ना?"

"भाऊ? माझ्या आईचा फोन कित्येक वर्षं लागत नाही. ती आहे की गेली, एवढं तरी चीनला विचारायला तुमच्या सरकारला सांगा."

केमालभाईंचं हसू मावळलं. "सरकारांना व्यापार असतो, तुर्सुन," ते हळूच म्हणाले.

सर खुर्चीवर चढले आणि सगळे झेंडे उतरवले. "चुकलं माझं," एवढंच बोलले.

या एकीवरच्या सरांच्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण तेव्हापासून अडलं आहे. मी आठवण केली की म्हणतात, "त्या माउलीची चौकशी करणारं एक सरकार दाखवा, आज लिहायला बसतो." त्यांनी तुर्सुनभाईंसाठी कितीतरी वकिलातींना अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही. दर रविवारी सर तुर्सुनभाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात. तुर्सुनभाई आईचा नंबर लावतात, सर शेजारी असतात. मग दोघे चहा पितात.

शेवट आशादायक करा, असं या गौरव अंकाच्या संपादकांनी सुचवलं होतं. पण मनात नसलेलं लिहू नये, हे मला सरांनीच शिकवलं.

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी. त्या आईची खबर येईल, असं मला आता वाटत नाही. तुर्सुनभाईंनाही बहुधा वाटत नसावं. तरी ते नंबर लावतात, आणि त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी असावं लागतं.