पाठमोरी चाल

दुखत होती ती माझी टाच. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता आमच्या घरात ही गोष्ट सासूबाईंच्या पायांची म्हणूनच सांगितली जाते आणि माझ्या टाचेचं त्यात कोणी नावही घेत नाही.

मी सौंसरच्या एका मराठी शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, पायात पातळ सपाट चप्पल. सकाळी पलंगावरून उतरलं की टाच जमिनीला टेकवत नसे. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जायचं, मग चहा उकळेस्तोवर पाय जरा मोकळा व्हायचा. मोकळा होतोय ना, मग चालू द्या, असं करत करत मी वर्गात खुर्ची शोधू लागले. माझे यजमान पांढुर्ण्याला नोकरीला जातात. त्यांनीच एक दिवस येऊन सांगितलं की तिथे नागपूरला शिकून आलेली एक मुलगी आहे, फिजिओथेरपीची डॉक्टर, ती माणसाला चालायला लावते आणि त्याचं चालणं बघून दुखणं सांगते.

"चालणं काय पाहाचं त्यात?" सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मी येतो तुह्यासंगं."

मला आश्चर्य वाटलं. आई, म्हणजे सासूबाई, हल्ली कुठेच जात नव्हत्या. बोरगावच्या आसपासच्या शेतांत त्यांनी उभा जन्म कापूस वेचला, संत्र्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे सौंसरला आल्या. सुरुवातीला रोज कुठे ना कुठे जायच्या. मग बाजार सुटला, मग विहारात जाणं सुटलं, मग समोरच्या घरी बसायला जाणंही. पाय दुखतात असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आज ऊन आहे, आज डाळ निवडायची आहे, आज कोणी येणार आहे असं काहीतरी असायचं. सून दवाखान्यात निघाली तेव्हा सोबत यायला तयार झाल्या, ते बहुधा चालण्याची परीक्षा घेणारी बाई कशी दिसते ते बघायला.

शनिवार होता. बस जामसांवलीच्या हनुमानाला निघालेल्या भाविकांनी भरलेली. ती सगळी गर्दी फाट्यावर उतरली आणि मग आम्हाला दोघींना ऐसपैस बसायला मिळालं. आई खिडकीतून बागा बघत होत्या आणि कोणत्या बागेतला संत्रा आंबट निघतो ते मला सांगत होत्या.

डॉक्टरबाईचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक लांब ओटा. ओट्यावर काळी रबरी पट्टी अंथरलेली आणि एका टोकाला स्टँडवर मोबाईल लावलेला. मुलगी तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले. तिने माझी टाच दाबून पाहिली, पोटऱ्या ताणून पाहिल्या, चवड्यांवर उभं केलं आणि मग पट्टीवरून चालवलं. माझं निदान लवकर झालं. तळपायाची शीर सुजली होती, पोटऱ्या आखडल्या होत्या आणि चप्पल फेकून देण्याच्या लायकीची होती. तिने व्यायाम दाखवले, टाचेखाली घालायला मऊ गादी दिली. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती आईंकडे वळली.

"आजी, तुम्ही पण जरा चालून दाखवता का?"

"मले काई नाई झालं. मी हिच्यासंगं आली."

"हो, पण मी मघाशी खिडकीतून पाहून राहिली होती. तुम्ही आटोतून उतरल्या, फाटकापासून आल्या. म्हटलं एकदा नीट पाहू."

"चालाले काय, जलमभर चालतच आली," आई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी पदर खोचला, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि अनवाणी त्या पट्टीवरून निघाल्या. शाळेच्या तपासणीला अधिकारी यावेत तशा गंभीर चेहऱ्याने गेल्या आणि आल्या. डॉक्टरबाईने मागून, पुढून, बाजूने चित्रण केलं. मग आम्हा दोघींना लॅपटॉपसमोर बसवलं आणि ते अगदी हळू करून दाखवलं.

"हे पाहा. डावा घोटा आतल्या बाजूला पडतो. तळपायाची कमान बसली आहे, म्हणून गुडघा आत ओढला जातो. तो दुखू नये म्हणून तुम्ही कंबर एका अंगाला टाकता. मग दुसऱ्या पायावर जास्त भार." ती पडद्यावर रेघा ओढत होती. मी मान हलवत होते. आईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या, नाक पडद्याला लागेल इतक्या.

"हे कोण व्हय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच आजी. आत्ता चालल्या ना."

"मी नाई." त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. "हे तं माही माय चालून राहिली."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघू लागली. मलाही काही कळेना. आईंची आई त्यांच्या लग्नाच्याही आधी गेलेली. तिचा फोटो कुठेच नाही, त्या काळी त्यांच्या घरात कोणाचाच नव्हता. तिच्याबद्दल आईंकडून मी कधी फारसं ऐकलंही नव्हतं.

"मी लहान होती नं, तं तिच्या मांगं मांगं जाची वावरात," आई सांगू लागल्या. "लोधीखेड्याच्या अंगाला. धुऱ्यावर दोन माणसं बाजूबाजूनं चालत नाई, म्हून मी मांगं. तिचं तोंड आता मले आठवत नाई. पाठ आठवते. अशीच एका अंगाला झुकत चाले अन् डावा हात असा दूर ठेवे. पुन्हा लाव बरं."

डॉक्टरबाईने पुन्हा लावलं. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून सावकाश चालत गेली. तिसऱ्यांदा लावल्यावर आई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसू खरंखुरं होतं. एखादं हरवलेलं माणूस बाजारात अचानक समोर यावं तसं.

मग एकदम त्यांना शंका आली. "तू हे चालणं सुधरवशीन, तं मंग माय जाईन का माही?"

डॉक्टरबाईने खुर्ची वळवून आईंकडे तोंड केलं. "हे मले कॉलेजात कोणी शिकवलं नाही, आजी," ती म्हणाली. "पण कमी दुखावं एवढंच करून राहिली मी. बाकी चाल तुमची तुमच्यापाशीच राहीन. अन् हा व्हिडिओ मी वहिनींच्या फोनवर पाठवून देते."

आई तयार झाल्या. मऊ फोमने भरलेला एक खोका तिने जमिनीवर ठेवला आणि त्यात आईंचा पाय हलकेच दाबला. पाय उचलला तर आत टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण ठसा. "पाण्यापावसात चिखलातून गेल्यावानी," आई म्हणाल्या आणि दुसरा पाय स्वतःच पुढे केला. त्या ठशांवरून नागपूरला चपलेत घालायचे तळवे बनणार होते, डाव्या पायाचा टाचेकडे किंचित उंच.

तळवे आले तेव्हा खरी पंचाईत पुढे आली. ते घालायला पाय नीट धरून ठेवणारं काहीतरी लागत होतं. डॉक्टरबाईने बूट सुचवले होते. सौंसरच्या दुकानात मी पांढरे बूट पुढे केले, तर आई म्हणाल्या, "लुगड्यावर बूट? मी काय पोलिसात हाव?" दुकानदार तोंड फिरवून हसला. शेवटी मागे पट्टा असलेल्या काळ्या सँडल सापडल्या, त्यातली आतली गादी निघत होती. तिच्या जागी नागपूरचे तळवे बसले आणि वरून पाहता कोणाला काही कळणार नाही, हे आईंना सगळ्यात आवडलं.

डॉक्टरबाईने बजावलं होतं की पहिल्या दिवशी थोडाच वेळ घाला, मग रोज वाढवा. आईंनी पहिल्याच दिवशी सकाळी घातल्या त्या जेवण होईस्तोवर काढल्या नाहीत. दुपारी त्या ओसरीवर पाय पसरून बसलेल्या दिसल्या. "ह्या गाद्या चावते मले." मी फोन लावून दिला. डॉक्टरबाई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण आई शाळकरी मुलीसारख्या "हाव, हाव" करत होत्या. त्यानंतर शिस्तीत चाललं.

व्यायाम मात्र आम्ही दोघी मिळून करू लागलो, कारण माझेही तेच होते. सकाळी चहाआधी दोघी भिंतीला हात लावून, एक पाय मागे टाकून, पोटऱ्या ताणत उभ्या. शेजारीण एकदा दारातून बघून म्हणाली, "भिंत पडून राहिली का वो?" आईंनी वळूनही न बघता सांगितलं, "धरली आमी. तू चाय पिऊन घे." मग जमिनीवर रुमाल टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. मला तो धड उचलता येईना. आई रुमालाला कंटाळल्या आणि घरात पडलेली कापसाची बोंडं बोटांत धरून टोपलीत टाकू लागल्या. यजमान नाश्ता विसरून बघत राहिले. "पायानं वेचाले येते हे आधी म्हाईत असतं, तं कंबर वाचली असती माही," त्या म्हणाल्या आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या आणि मी एकमेकींशी बोलायचो ते कामापुरतं. आता भिंतीजवळ उभं राहून आई मला काय काय सांगू लागल्या. त्यांच्या मायने त्यांना पोहायला शिकवलं होतं हे मला तिथेच कळलं.

हळूहळू आई घराबाहेर पडू लागल्या. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, जिना अजूनही नको वाटायचा, पण सपाट रस्त्यावर त्या थांबत नव्हत्या. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून त्या विहारात गेल्या. वंदना झाली, खीर झाली, बायका बाहेर आल्या आणि आईंच्या सँडल जागेवर नाहीत. तिथे तशाच काळ्या, तशाच पट्ट्याच्या दुसऱ्या होत्या. कोणीतरी चुकून बदलून नेल्या होत्या. आईंनी त्या दुसऱ्या पायात घालायला साफ नकार दिला आणि माझ्या चपला घातल्या. मी त्या परक्या सँडल घालून घरी आले. घरी येऊन त्या ओसरीवर टेकल्या. "आता पुन्हा डॉक्टरबाईच्या त्या खोक्यातल्या चिखलात पाय द्या लागन," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भिंत ढकलत असतानाच पलीकडच्या मोहल्ल्यातली एक बाई विचारत विचारत दारात आली. हातात पिशवी आणि चाल अशी की जणू काट्यांवरून आली.

"तुमच्याच व्हय का ह्या?" तिने पिशवीतून सँडल काढल्या. "काय ठेवलं वो आत तुमी? कालपासून पाय उचलत नाई माहा."

आईंनी सँडल छातीशी धरल्या. मग त्या बाईला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि तळवा बाहेर काढून तिला दाखवला. "हा माह्या पायाचा साचा हाय. दुसऱ्या कोणाले चालत नाई. माह्या मायच्या पायाचाबी असाच निघाला असता." त्या बाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण चहा संपेपर्यंत तिने पांढुर्ण्याच्या डॉक्टरबाईचा पत्ता मात्र दोनदा विचारून घेतला.

थंडीत आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. माझी टाच तोवर बरी झाली होती, तिला कोणी विचारलंही नाही. आईंना पुन्हा पट्टीवरून चालवलं, पुन्हा लॅपटॉप. या वेळी दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी. डॉक्टरबाई घोटा दाखवू लागली, तो आता कमी झुकत होता. आई फक्त डाव्या हाताकडे बघत होत्या.

"हात तसाच हाय," त्या समाधानाने म्हणाल्या. "जराशी सरळ झाली माय. तिलेबी बरं वाटलं असन."

डॉक्टरबाईने त्यांचा हात हातात घेतला.

बाहेर आलो तेव्हा बसला वेळ होता. मी स्टँडवर बसू म्हटलं, तर आई म्हणाल्या, "इथं माही मैतरीण राह्यते. संत्रा तोडाले संगं जावो आमी. तिच्या घरी जाऊ. पायीच जाऊ." त्यांना पत्ता नीट आठवत नव्हता. एका किराणा दुकानात विचारलं, एका गिरणीत विचारलं. आई माझ्यापुढे चालत होत्या आणि मला पाय उचलावे लागत होते.

मैत्रीण अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण व्हय?"

"वळख."

"जिवंत हायेस का तू?" मैत्रीण म्हणाली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि एकीच्या पदरातल्या मिरच्या दुसरीच्या लुगड्याला चिकटल्या.

मग काय, दोघी बोलत बसल्या. कोणत्या बागेचा मालक कंजूष होता, कोणत्या झाडावर मधमाश्यांचं पोळं निघालं होतं, कोण टोपलीसकट नाल्यात पडली होती. पडलेली दोघींपैकीच एक होती आणि ती कोण यावर बराच वाद झाला. मला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली गेली. मी घड्याळ दाखवलं तेव्हा बस सुटून गेली होती.

"दुसरी येईन," आई म्हणाल्या आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "हाव, तं मंग तो माळी काय म्हणला?"

दुसरीही गेली. मी यजमानांना फोन करून सांगितलं की ऑफिस सुटल्यावर आम्हाला इथूनच घेऊन जा, आणि आणखी एक भाकर मागून घेतली.