नाव पुकारले नाही

माझा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा मामंजी मला कुंभकोणच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. तिथे थुंकी तपासायला घेतली. निकाल ऐकायला पुढे ते एकटेच गेले.

परतले ते ओसरीवरच बसले. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "बाकीच्यांना एकेक करून आत बोलावलं, औषध दिलं. आपलं नाव पुकारलंच नाही. शेवटी शिपाई म्हणाला, घरी जा."

मी दाराआड उभी होते. आमचे वैद्य आशा सोडली की तोंडाने काही सांगत नाहीत. औषध न देता पिशवी उचलून निघतात. मामंजींनी इस्पितळाचे गप्प राहणेही तसेच मानले. त्याच संध्याकाळी माझे ताट-तांब्या वेगळे झाले आणि तान्ही मुलगी आत्याबाईंच्या खोलीत गेली. तिला गाईचे दूध पाजत. ती तिकडे रडे, इकडे माझी चोळी भिजे. रोगाचे नाव मला कोणी सांगितले नाही. मामंजींसमोर मी कधी बोललेच नव्हते, मग विचारणार कशी?

पुढे मुलगी दूध ओकू लागली, सुकत चालली. मी नणंदेला म्हटले, "वन्सं, मला इस्पितळात न्या."

"तिथं बोलणार कोण? तुझा आवाज तर घरातल्या भांड्यांनाही ठाऊक नाही."

"तुम्ही बोला ना."

"मी दारापर्यंत येईन. दुखणं तुझं, तोंडही तूच उघड."

घोड्याच्या जटक्यातून उतरेपर्यंत मी तमिळ वाक्य मनात घोकत होते. नर्सबाई समोर आल्यावर सगळे विसरले. कसेबसे विचारले, "माझ्या थुंकीत काय निघालं?"

ती साहेब डॉक्टरांना विचारून आली. "काही नाही, अम्मा. रोग निघतो त्यांनाच आत बोलावतात. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही. बाळाला पाजू का?"

"आधी जाऊन तेच कर!"

ओसरीवर मामंजी होते. वन्सं सांगतील म्हणून मी थांबले. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. मग मीच म्हटले, "मला रोग नाही. ज्यांना नसतो त्यांना बोलावतच नाहीत."

मामंजींनी मान खाली घातली. "एवढं सांगायला त्यांचं काय जात होतं?"

मी आत गेले. आत्याबाई "अगं, थांब," म्हणत असताना त्यांच्या मांडीवरून मुलीला उचलून पदराखाली घेतले. तिने तोंड फिरवले. बऱ्याच वेळाने ओढू लागली, पण इतक्या दिवसांत माझे दूध आटत आले होते.