चीनची गल्ली आणि पाथर्डीचे भाऊ

कंपनीने मला चीनला पाठवलं ते एक मशीन तपासायला. नगरच्या नागापूर एमआयडीसीत आमचा प्लास्टिकचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे आणि मी तिथे क्वालिटीत काम करते. नवं मशीन जहाजात चढण्याआधी ते नीट चालतंय का, हे जाऊन बघायचं होतं. सोबत मेन्टेनन्सचे एक जण होते. पाथर्डीकडचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सगळा कारखाना त्यांना भाऊ म्हणतो, मीही म्हणते. भाऊ विमानात पहिल्यांदाच बसत होते. सीटचा पट्टा लावण्याआधी त्यांनी त्याचं बक्कल तीनदा उघडून, मिटून पाहिलं आणि आत स्प्रिंग कशी बसवली असेल ते मला समजावून सांगितलं.

त्यांच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. माझ्या पिशवीत कॅमेरा. फोटोंचा नाद मला कॉलेजपासून, पण तो बिचारा कॅमेरा आजवर फक्त भंडारदऱ्याचं पाणी आणि अकोले तालुक्यातली भातखाचरं बघत आला होता. नगरमध्ये रस्त्यावर कॅमेरा काढायची सोय नाही. कोणीतरी ओळखीचं निघतं आणि विचारतं, “काय गं, लग्न कोणाचं?”

चीनमध्ये मला कोण ओळखणार? हॉटेलच्या मागेच एक जुनी गल्ली होती. दोन्ही बाजूंना पाच-सहा मजली इमारती, प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी, झाडाझाडांत दोऱ्या बांधून त्यांवर वाळत घातलेल्या रजया. माणसं रात्रीच्या पायजम्यात भाजी आणायला निघालेली. एका झाडाला कोणीतरी ओला मॉप उलटा टांगलेला. झाडाखाली चार म्हातारे लाकडी सोंगट्यांचा डाव मांडून भांडत बसलेले. मी गजर लावून उठायचे आणि कारखान्याची व्हॅन यायच्या आत तासभर या गल्लीत फिरून घ्यायचे. पहिल्या तीन दिवसांत मी इतके फोटो काढले की नगरमध्ये तीन वर्षांत काढले नसतील. कोणाला विचारलं नाही. भिंतीचा फोटो काढतेय असं दाखवायचं आणि हळूच कॅमेरा माणसाकडे वळवायचा, ही युक्ती मला फारच जमली होती.

चौथ्या दिवशी भाऊही सोबत आले आणि नेमकी त्याच दिवशी मी पकडले गेले.

कोपऱ्यावर एक बाई काच लावलेल्या हातगाडीवर वाफेवरचे बन विकायची. बांबूच्या टोपल्यांची चळत, त्यातून निघणारी वाफ आणि त्या वाफेत अर्धवट दिसणारा तिचा चेहरा. मी दोन फोटो काढले, तिसऱ्याला तिने बघितलं. हातातला चिमटा खाली ठेवून ती सरळ चालत आली आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तिने तळहात ठेवला. मग बोलायला लागली. मला एक अक्षर कळेना, पण सूर अगदी ओळखीचा होता. आमच्या गल्लीत नळाचं पाणी गेलं की हाच सूर लागतो.

मी घाईघाईने मोबाईल पुढे केला. त्यात बोललं की तो भाषांतर करून दाखवायचा. तिच्या मिनिटभराच्या बोलण्याचं त्याने एवढंच केलं: “तू माझा चेहरा कुठे घेऊन चाललीस?”

मी हसू आवरत भाऊंकडे वळले. भाऊ हसत नव्हते.

“बरोबर हाय की तिचं,” ते म्हणाले. मग त्या बाईपुढे हात जोडून चक्क मराठीतच म्हणाले, “मावशी, चुकलं आमचं. दोन बन द्या. भाजीचे द्या, मटनाचे नको.”

भाऊ तिथे सगळ्यांशी मराठीच बोलायचे आणि कसं कोण जाणे, त्यांना हवं ते मिळायचं. बाईने बन दिले, तेही भाजीचे. आम्ही तिथल्या बुटक्या स्टुलांवर बसलो. भाऊंनी बन फोडून आत चटणी भरली आणि खाता खाता सांगायला लागले.

“आमी ऊसतोडीला जायचो, म्याडम. मी सात-आठ वर्साचा असंन. आई मोळी बांधीत हुती, मी आन् बहीन बैलगाडीवर बसलेलो. येक जन आला, चांगला बूटबीट घातलेला. त्यानं आमचा फोटू काढला आन् गेला. आमी लई दिवस वाट बघितली. म्होरल्या साली त्याच कारखान्यावर गेलो तवा आईनं मुकादमाला इचारलं बी, त्यो फोटूवाला पुना आलता का म्हनून.” त्यांनी बनचा तुकडा तोंडात टाकला. “माझा ल्हानपनचा तेवडाच येक फोटू हाय. आन् त्यो कुनाकडं हाय, ते मला ठावं न्हाई.”

मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी कारखान्यातून परतताना आम्ही शाळेजवळचं एक फोटोचं दुकान शोधून काढलं. मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढून देणारं, एका खोलीचं. तिथे मी गल्लीतल्या माणसांचे फोटो छापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायला निघाले. मी फोटोंचा गठ्ठा धरून मागे मागे. भाऊ मात्र लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाल्यासारखे पुढे.

बनवालीने आपला फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि तिचं तोंड पडलं. केसांकडे बोट दाखवून ती काहीतरी बोलली. मग एकदम टोपलीवर झाकण ठेवलं, एप्रन काढला, मागच्या घरातून नवऱ्याला बोलावलं, ओठांना लाली लावली आणि नवऱ्याला शेजारी उभं करून मला खूण केली की आता काढ. दोघं ताठ उभे, हात मांड्यांना चिकटलेले, झेंडावंदनाला उभं राहावं तसे. रस्त्यावरचा फोटो म्हणून तो अगदी टाकाऊ होता. तिला मात्र तोच हवा होता. छापून दिल्यावर तिने तो गाडीच्या काचेला आतून चिकटवला.

म्हाताऱ्यांकडे वेगळाच गोंधळ झाला. माझ्या फोटोत एकाचा हात हळूच समोरच्याच्या सोंगटीवर गेलेला दिसत होता. समोरच्या म्हाताऱ्याने फोटो बघितला आणि उठून उभाच राहिला. मोबाईलने सांगितलं, “मी रोज म्हणत होतो!” तो फोटो हातात नाचवत त्याने सगळ्या गल्लीला दाखवला. ज्याचा हात होता, त्याने दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून त्याने स्वतःचा एकट्याचा, हसतानाचा फोटो काढून घेतला.

मशीन पास झालं. निघायच्या दिवशी त्या मावशीने भाऊंना बनची पिशवी भरून दिली. भाऊंनी तिला उरलेली चटणी दिली. तिने बोटावर घेऊन चाखली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि डबा घट्ट बंद करून तिने आपल्याकडे ठेवून घेतला.

परत आल्यावर मी नगरमध्ये कॅमेरा घेऊन बाहेर पडायला लागले. चोरून नाही, विचारून. पहिल्या रविवारी चर्चमधून घरी येताना एका रसवंतीवाल्याला विचारलं, “फोटो काढू का?” त्याने घाबरून बाहेर मांडलेली खुर्ची आत ओढली. त्याला वाटलं अतिक्रमणवाले आले. पुढच्या रविवारी छापलेला फोटो हातात दिला, तेव्हा त्याने तीच खुर्ची बाहेर काढून मला बसायला दिली.

दसरा झाला आणि एके दिवशी भाऊ जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. “म्याडम, आमच्या गावची मानसं ऐतवारी निघत्यात तोडीला. येता का? फोटू लगेच द्यायचे मातर.”

रविवारी सकाळी मी एसटीने पाथर्डीला गेले, तिथून त्यांच्या मोटारसायकलवर गावात. ट्रॅक्टर ट्रॉल्या लावून उभे होते. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, सगळं वर चढत होतं. भाऊंच्या आई आता तोडीला जात नाहीत. त्यांनी पहिला फोटो काढून घेतला, भाऊंना शेजारी बसवून. “ह्यो लई काळा येतो फोटूत,” असं म्हणून त्यांनी लेकाचं तोंड पदराने पुसलं. पन्नाशीला टेकलेले भाऊ गप्प पुसून घेत होते. मग एकेक घर येत गेलं. मी काढत गेले आणि दुपारी कॅमेऱ्याचं कार्ड देऊन भाऊंना पाथर्डीला पिटाळलं. ते तासाभरात गठ्ठा छापून घेऊन आले.

वाटप चाललं असताना एक बाई पुढे आली. तिशीची असेल, डोक्यावर पदर, कडेवर पिठाचा डबा.

“माझा न्हाई काढला तुमी.”

“काढते की. उभ्या राहा.”

“माझा नको. माझं तोंड काय, रोज बरुबरच हाय. घराचा काढा. सा म्हैने दिसायचं न्हाई.”

तिचं घर शेवटचं. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. दाराला कुलूप लागलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

“थांबा, थांबा,” ती म्हणाली. डबा खाली ठेवला, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. दोन्ही फळ्या आत लोटल्या. दोरीवर विसरलेला टॉवेल ओढून काखेत घेतला. मग माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, “आता काढा.”

मी काढला. भाऊ पुन्हा पाथर्डीला गेले. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. बाकीच्या बाया ट्रॉलीतून हाका मारत होत्या, पण ती फोटो हातात पडेपर्यंत खालीच उभी राहिली. बघितला, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला, धावत जाऊन दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि ट्रॉलीत चढली.